निर्जंतुक पाण्यातला मासा

मुलानं मासा आणला तेव्हा कुकरताईंनी माशाकडे बघितलंच नाही. त्यांनी भांड्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुणी धुतलंय का?"

मुलगा दारातच उभा होता. दोन्ही हातांत काचेचं गोल भांडं, भांड्यात बोटभर लांबीचा गर्द निळा मासा, आणि चेहऱ्यावर आता आई कौतुक करणार अशी आशा.

"आधी घरात तर येऊ दे," तो म्हणाला. "बेट्टा म्हणतात ह्याला. तुझ्यासाठी आणलाय."

"माझ्यासाठी? कशाला?"

"सोबत म्हणून."

बोटभर मासा कुणाची काय सोबत करणार, हे ताईंना कळेना. पण मुलगा कामावर जायच्या घाईत होता. भांडं टेबलावर ठेवून, खाद्याची चिमुकली डबी शेजारी ठेवून तो निघूनही गेला. ताई टेबलाच्या एका बाजूला आणि मासा दुसऱ्या बाजूला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि दोघांनाही काही सुचेना.

कुकरताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर एक खोली होती, त्या खोलीत कपाटाएवढं वाफेचं यंत्र होतं, आणि चौतीस वर्षं ताई त्या यंत्रापाशी उभ्या होत्या. वरून शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे, वाकड्या सुया आणि हिरवी कापडं खाली यायची. ताई सगळं धुवायच्या, पुसायच्या, गाठोडी बांधायच्या, प्रत्येक गाठोड्यावर एक पट्टी चिकटवायच्या आणि यंत्रात लोटून दार आवळायच्या. पुरेशी वाफ लागली की पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या पडत. काळ्या पडल्या म्हणजे आत काहीही जिवंत उरलेलं नाही. कुण्या नव्या नर्सनं एकदा त्या यंत्राला कुकर म्हटलं, आणि ते नाव ताईंना चिकटलं ते कायमचं. मोठे मोठे डॉक्टरसुद्धा फोनवर "कुकरताई, माझा ट्रे झाला का?" असंच विचारायचे. त्यांच्या हातून गेलेल्या गाठोड्यामुळे कुणाची जखम चिघळली, असं चौतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. निरोपाच्या दिवशी अधीक्षकांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा ताई मान खाली घालून मुसमुसून रडल्या होत्या.

त्याला आता चार दिवस झाले होते. चार दिवसांत त्यांनी घरातली सगळी भांडी दोनदा उकळून काढली होती, पडदे धुतले होते आणि स्वयंपाकघरातल्या फरशांच्या सांध्यांमधून दात घासायचा जुना ब्रश फिरवला होता. अशा बाईच्या घरात हा एक श्वास घेणारा जीव येऊन पडला.

आणि आला तोही नेमक्या वेळेला. सुनेला सहावा महिना लागला होता. बाळ झालं की काही महिन्यांनी तिला कामावर परतायचं होतं, आणि तिनं मागच्याच आठवड्यात अगदी सरळ विचारलं होतं, "आई, बाळाला तुम्ही सांभाळाल, की आम्ही पाळणाघर बघू?" चांगल्या पाळणाघरात जागा आधीपासून धरून ठेवावी लागते. पाळणाघरानं पाच आठवड्यांची मुदत दिली होती. ताई "बघते" म्हणाल्या होत्या. खरं तर "हो" म्हणायला त्यांचा जीव नुसता आसुसला होता. पण तो शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेना.

कारण त्यांनी मूल सांभाळलंच कुठे होतं? नवरा सदा फिरतीवर, ताईंची कामाची पाळी कधी पहाटेची, कधी संध्याकाळची. मुलगा वाढला तो ताईंच्या थोरल्या बहिणीकडे, दोन बसथांबे पलीकडे. रविवारी ताई त्याला घरी आणत आणि सोमवारी कामावर जाता जाता परत सोडत. ताप आला की तो मावशीला हाक मारायचा. ताई उशाशी बसलेल्या असल्या तरी मावशीलाच. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मुलगा बाप होऊ घातला, पण ती हाक ताईंच्या कानातून गेली नव्हती. पोटचं पोर ज्या बाईला वाढवता आलं नाही, तिनं नातवंडाचा भार घ्यावा का, हा प्रश्न त्यांना पोखरत होता.

आणि आता हा मासा. ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही परीक्षा आहे! मुलगा तोंडानं बोलणार नाही, त्याचा स्वभाव तसा नाही. पण ह्या एवढ्याशा जिवाला आई जगवते का, हे बघणार आणि मग बाळाचं ठरवणार.

"परीक्षा तर परीक्षा," ताई माशाला म्हणाल्या आणि पाणी उकळायला ठेवलं.

आता परीक्षा द्यायची तर अभ्यासक्रम माहीत हवा. तिथंच सगळा घोळ सुरू झाला. मुलगा फोनवर म्हणाला, "दिवसाला चार दाणे घाल, बाकी काहीसुद्धा करायचं नाही." थोरली बहीण म्हणाली, "चार दाण्यांनी काय होतंय? उपाशी मारशील त्याला. मूठभर घाल आणि विसरून जा." वरच्या मजल्यावर गणिताचे निवृत्त मास्तर राहायचे. त्यांना जगातल्या यच्चयावत गोष्टींची माहिती असायची. ते मुद्दाम खाली आले, माशाकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "ह्याचं पोट ह्याच्या डोळ्याएवढं असतं. दोन दाणे. तिसरा घातलात तर फुगून मरेल." ताईंनी हिशेब करून तीन दाणे घातले. माशानं दोन खाल्ले, तिसरा तोंडात घेऊन थुंकला, परत घेतला आणि परत थुंकला. मग त्यानं खाल्ला की नाही हे बघायच्या आत कुकरची शिट्टी झाली आणि ताईंना गॅसकडे धावावं लागलं.

सुनेनं कुठेतरी वाचलं होतं की ह्या माशाला रोज आरसा दाखवावा, त्याला व्यायाम होतो. ताईंनी आरसा धरला. माशानं आरशातला मासा बघितला आणि त्याचं रूपच पालटलं. कल्ल्यांच्या मागून दाढीसारखी काळी झालर बाहेर आली, पंख ताठ झाले, आणि तो काचेवर असा काही चाल करून गेला की ताईंच्या हातातून आरसा निसटता निसटता राहिला. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "आरसा? अहो, चिडचिडीनं जाईल तो!" ताईंनी आरसा कपाटात टाकला आणि दिवसभर माशाची क्षमा मागितली.

झोपायचा तोही धड नाही. एका दुपारी तो भांड्याच्या तळाशी आडवा पडलेला दिसला, कुशीवर, डोळे उघडे. "गेला!" म्हणून त्यांनी फोन उचलला, मुलाचा नंबर लावला, आणि पलीकडून "हॅलो" येईपर्यंत हा पठ्ठ्या उठून वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एक घोट घेतला आणि परत जाऊन आडवा झाला. मासा असून हवा खातो, पोहायचं सोडून लोळतो, एकटा असला तर बरा असतो आणि सोबत मिळाली की मारामारी करतो. ताईंना ह्यातलं काहीएक कळेना. इस्पितळात पट्टीवरच्या रेघा काळ्या पडल्या की काम झालं. इथं झालं की नाही, हे सांगणारी पट्टीच नव्हती.

तेव्हा जे त्यांना येत होतं ते त्यांनी केलं. एक वही घेतली, त्यात रेघा आखल्या: तारीख, वेळ, पाणी, शेरा. रोज सकाळी पाणी वीस मिनिटं उकळायचं, झाकून थंड करायचं. माशाला गाळणीनं उचलून वाटीत ठेवायचं, जुनं पाणी सगळंच्या सगळं ओतून द्यायचं, भांडं कढत पाण्यानं घासायचं, पुसायचं, नवं पाणी भरायचं, मासा परत आत. भांडं असं चकचकायचं की आत पाणी आहे की नाही कळू नये. मुलानं एका संध्याकाळी येऊन बघितलं आणि म्हणाला, "आई, ह्याच्यावर तर ऑपरेशन करता येईल." ताईंना ते कौतुक वाटलं.

सातव्या दिवशी सकाळी पाण्यावर काचेच्या कडेला बटणाएवढा फेस दिसला.

ताईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. साबण राहिला की काय? पण साबण त्या वापरतच नव्हत्या. त्यांनी कापसाचा बोळा उकळून घेतला आणि फेस टिपून काढला. बारीक बारीक बुडबुडे, एकमेकांना चिकटलेले, जरासे चिकट. चिकट म्हटल्यावर ताईंना संशय उरला नाही. हा जंतूंचा प्रादुर्भाव होता! त्या दिवशी भांडं तीनदा घासलं गेलं. वहीत शेरा पडला: "फेस आढळला. काढला."

दुसऱ्या दिवशी फेस परत आला, त्याच जागी, थोडा मोठा. "फेस काढला." तिसऱ्या दिवशी परत. मास्तर म्हणाले, "प्रथिनं असतील." बहीण म्हणाली, "असेल काहीतरी, जाऊ दे ना." पण जाऊ देणं हे ताईंच्या रक्तातच नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी ह्याच शत्रूशी झुंज दिली होती आणि एकदाही हार खाल्ली नव्हती. आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, परीक्षेच्या ऐन काळात हार खायची? त्या सकाळ-संध्याकाळ पाणी बदलू लागल्या. गंमत म्हणजे फेस काढताना मासा दरवेळी त्या बोळ्याभोवती घिरट्या घालायचा, मधे मधे करायचा, एकदा तर बोटाला येऊन धडकला. "हो रे बाबा, तुझ्यासाठीच चाललंय," ताई त्याला म्हणायच्या.

एकोणीस दिवस हे चाललं. विसाव्या दिवशी फेस आला नाही.

ताईंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशीही आला नाही, तिसऱ्याही. त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, "गेला बरं का तो फेस!" आवाजात विजय होता. सुनेला सांगितलं, बहिणीला सांगितलं, जिन्यात मास्तरांना गाठून सांगितलं. "हो" हा शब्द आता अगदी जिभेच्या टोकाशी आला होता.

आणि मग मासा विझायला लागला. निळा रंग धुवट कापडासारखा झाला. पंख मिटलेल्या छत्रीसारखे अंगाला चिकटले. दाणा टाकला तर बघायचाही नाही. आडवा पडायचा तो आता खरोखरच आडवा पडायचा. टिचकी मारली तरी उठायला वेळ लागायचा. ताईंनी पाणी आणखी वेळ उकळलं, भांडं आणखी घासलं. मासा आणखी फिका पडला. जे केल्यानं सगळं नीट होतं तेच केल्यानं बिघडत होतं, आणि दुसरं काय करायचं हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. मुदतीला पाच दिवस उरले होते. त्या दिवशी ताई वही पिशवीत घालून माशांच्या दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या आणि मधे एक माणूस जेमतेम वळेल एवढी वाट. दुकानदाराचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या की तोही टाकीतूनच बघतोय असं वाटावं. ताईंनी वही पुढे केली. त्यानं हात पुसून ती घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

"तुम्ही नर्स आहात का?" त्यानं विचारलं.

"नाही. पण इस्पितळातच होते."

"वाटलंच. पाणी उकळताय म्हणून त्यातलं क्लोरीन तेवढं गेलं, हे त्याचं नशीब. पण सगळं पाणी रोज बदलता? दोनदा?" त्यानं पान उलटलं. मग आणखी एक. मग परत मागे गेला. "हे काय लिहिलंय? फेस काढला. फेस काढला. फेस काढला..."

"तो झाला होता ना प्रादुर्भाव. आता नाही. आता पूर्ण गेलाय," ताई म्हणाल्या.

दुकानदारानं चष्मा काढला. "बाई, ते त्याचं घरटं होतं."

ताईंना आधी कळलंच नाही. घरटं म्हणजे काड्यांचं असतं, झाडावर असतं. दुकानदारानं सावकाश समजावून सांगितलं. नर वर येतो, हवेचा घोट घेतो, तोंडातल्या चिकट लाळेत घोळवून एक बुडबुडा सोडतो. मग दुसरा, मग तिसरा, असे शेकडो. मादीनं अंडी घातली की तो एकेक अंडं तोंडानं उचलून त्या फेसात ठेवतो. पडलं तर परत उचलून ठेवतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत राखण करतो.

"आणि मादी?" ताईंनी विचारलं.

"मादी अंडी घालते आणि जाते. पुढचं सगळं हाच करतो."

ताईंना ते वाक्य नको तिथं लागलं. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "पण माझ्याकडे मादी नाही. अंडी नाहीत. मग हा कुणासाठी बांधत होता?"

"ह्याला काय माहीत, अंडी आहेत की नाहीत! जागा बरी वाटली, जिवाला बरं वाटलं, की हा आपला बांधायला घेतो. तुमच्याकडे पहिल्या आठवड्यातच घेतलं होतं म्हणजे मजेत होता."

"मजेत होता?"

"एकदम. मग तुम्ही रोज घर मोडायला लागलात. एकोणीस दिवस टिकला, चिवट आहे."

दुकानदार चांगला माणूस होता, टोमणा मारायचा म्हणून तो बोलला नव्हता. पण ताईंना तिथल्या तिथे बसावंसं वाटलं, आणि बसायला दुकानात जागा नव्हती. त्यानं त्यांना चौकोनी मोठी टाकी दिली. पाणी एक दिवस नुसतं भरून ठेवा, क्लोरीन घालवायचं औषध ह्या बाटलीत आहे, आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदला, काच बुळबुळीत झाली तर होऊ द्या, असं सगळं सांगितलं. "त्या बुळबुळीतच चांगले जंतू असतात," तो म्हणाला.

"चांगले जंतू," ताईंनी म्हणून बघितलं. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात एका दमात उच्चारले नव्हते.

मग त्यानं एका जुन्या टाकीच्या तळातून मूठभर खडे काढले, शेवाळलेले, चिखलट, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ताईंच्या हातात दिले. "हे तळाशी टाका. आणि बाई, हात जोडून सांगतो, धुवू नका."

ताई बसमध्ये ती पिशवी दोन बोटांत धरून बसल्या होत्या. घरी आल्यावर त्या पिशवीकडे त्यांनी अर्धा तास बघितलं. नळ समोर होता, गॅस समोर होता. शेवटी डोळे मिटून त्यांनी पिशवी टाकीत उलटी केली. पाणी गढूळ झालं.

दुसऱ्या दिवशी मासा नव्या टाकीत गेला, आणि मग सुरू झालं काहीही न करणं. काहीही न करणं इतकं अवघड असेल हे ताईंना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. सकाळी पाणी उकळायला हात आपोआप जायचा. काचेवर पुसट थर दिसला की बोटं शिवशिवायची. त्या टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायच्या आणि हात मांडीखाली दाबून ठेवायच्या. आपण त्याला जगवतोय की मरू देतोय, हेही त्यांना कळत नव्हतं. वहीत शेऱ्याच्या रकान्यात दोन दिवस त्यांनी एकच लिहिलं: "काही केलं नाही."

तिसऱ्या दिवशी माशानं एक दाणा खाल्ला. शनिवारी सकाळी पंख थोडे उघडलेले होते, आणि काचेच्या कोपऱ्यात पाण्यावर सात बुडबुडे होते. ताईंनी ते तीनदा मोजले. मग खुर्चीत बसून त्या रडल्या. आनंद झाला होताच. पण आनंदाच्या मागोमाग दुसरा विचार आला आणि त्यानं सगळं पुन्हा ढवळून टाकलं. मासा विसरला असेल. एवढंसं डोकं त्याचं, त्यात एकोणीस दिवस कुठून राहणार? माणसाचं मूल विसरत नाही. त्यांचा मुलगा काय काय विसरला नसेल, हे विचारायची त्यांची कधी छाती झाली नव्हती.

रविवारी मुलगा आणि सून आले. सून जपून खुर्चीत टेकली. मुलानं टाकीकडे बघून शिट्टी वाजवली, "अरे वा, बंगला!" कुणी काही विचारायच्या आत ताई म्हणाल्या, "पाळणाघरात नाव घाला."

सुनेचा चेहरा पडला. "का, आई? तब्येत बरी नाही का?"

ताईंनी वही मुलाच्या पुढ्यात टाकली. "वाच. नापास झालेय मी तुझ्या परीक्षेत."

"कसली परीक्षा?"

"हा मासा म्हणजे परीक्षाच होती ना?"

"आई, नाहीतर तू दिवसभर भिंती घासत बसशील म्हणून आणला मी हा," मुलगा म्हणाला. "दुसरं काही माझ्या डोक्यातही नव्हतं." तो वही चाळायला लागला आणि आधी हसला. मग ताईंनी घरट्याचं सांगितलं, आणि त्याचं हसू थांबलं.

"एकोणीस वेळा मी त्याचं घर पुसलं," ताई म्हणाल्या, "आणि वर वहीत शेरा मारला. माझ्या हाताला एवढंच येतं. बाळाच्या बाबतीत मी हेच करीन. तुझ्या बाबतीत हेच केलं. आठवड्यातला एक दिवस मिळायचा तू मला. तोसुद्धा मी न्हाणीघरात तुला घासण्यात घालवला. कढत पाणी, ब्रश, औषधी साबण. रडायचास तू. मला सगळं आठवतं."

मुलगा वही मिटून म्हणाला, "मावशीच्या घरामागे कोळशाचा ढीग असायचा, आठवतो?"

"त्याचं काय?"

"शनिवारी संध्याकाळी मी त्यात जाऊन लोळायचो."

"तू? तू तर मावशीच्या अंगणातसुद्धा चपलेशिवाय उतरायचा नाहीस."

"फक्त शनिवारी. मावशी कपाळ बडवून घ्यायची. उद्या आई न्यायला येणार आणि आजच हा अवतार, म्हणून ओरडायची. दर शनिवारी."

"पण का?" ताईंच्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं.

"नुसती धूळ असली तर तू पाच मिनिटांत सोडायचीस," मुलगा टाकीकडे बघत म्हणाला. "कोळसा निघायला तास लागायचा."

ताईंना तो तास आठवला. वाफेनं भरलेलं न्हाणीघर, स्टुलावर बसलेलं पोर, त्याची मान एका हातात धरलेली आणि दुसऱ्या हातानं आपण घासतोय, घासतोय. साबण डोळ्यात गेला म्हणून तो रडायचा, पण उठून कधी पळाला नव्हता. एकदाही नाही. तीस वर्षं त्यांनी ती गोष्ट उलटीच धरली होती, आणि आता सरळ धरायची कशी हे त्यांना कळेना. हसावं की रडावं, की त्याला एक धपाटा घालावा, हेही कळेना.

त्या उठल्या. मुलाच्या खुर्चीमागे जाऊन त्यांनी त्याचा कान पुढे ओढला आणि मागे बघितलं. तिथं काही नव्हतं. तरी अंगठ्यानं त्यांनी तिथं पुसलं, मग मानेवर, मग दुसऱ्या कानामागे. मुलगा मान खाली घालून बसून राहिला.

सुनेनं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "मग पाळणाघराला काय कळवू?"

"नको म्हणून कळव," ताई त्याचा कान न सोडता म्हणाल्या.